दूधबिलातून हप्ता बसेल का? भूगोलाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी घ्यायच्या कर्जाचे एक प्रकरण

करवीर तालुक्यातील पंचगंगेकाठच्या एका गावातले हे कुटुंब आहे. वडील शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मोल्डिंग खात्यात काम करतात, आई घर, दोन म्हशी आणि दीड एकर ऊस सांभाळते, थोरल्या मुलीने कोल्हापुरातील एका महाविद्यालयातून भूगोल घेऊन बी.ए. पूर्ण केले आहे आणि धाकटा मुलगा दहावीत आहे. बँकेच्या कर्ज विभागात तीस वर्षे काम करून मी निवृत्त झालो असून ओळखीच्या घरांतील शैक्षणिक कर्जाचे कागद आता विनामूल्य पाहून देतो. मे २०२५ मधील एका रविवारी आई-वडील आणि मुलगी असे तिघे माझ्याकडे आले. त्यांचे आकडे मी त्यांच्या संमतीने, हजारांत सोयीचे करून येथे मांडत आहे. नावे आणि गाव सांगत नाही.

प्रश्न असा होता. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात मुलीला भूमाहितीशास्त्राच्या (उपग्रह-प्रतिमा आणि संगणक वापरून नकाशे करण्याच्या शास्त्राच्या) दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळत होता. शुल्क वर्षाला १,५०,०००, म्हणजे दोन वर्षांचे ३,००,०००; वसतिगृह आणि मेस महिन्याला ९,००० प्रमाणे बावीस महिन्यांचे १,९८,०००; लॅपटॉप ६२,०००; प्रवास, पुस्तके आणि किरकोळ खर्च ४०,०००. एकूण सहा लाख रुपये. त्यापैकी पाच लाखांचे कर्ज द्यायला एक बँक तत्त्वतः तयार होती आणि जागा राखण्यासाठी २५,००० रुपये बारा दिवसांत भरायचे होते. वडिलांची तयारी होती. मुलीची इच्छा तर होतीच. आईने मात्र बसल्या बसल्या एकच गोष्ट विचारली : "साहेब, दुधाचं बिल धा दिवसाला येतंय. त्यातनं हप्ता बसतोय का, तेवढं बघा."

पुढचा सगळा हिशेब मी या वाक्याभोवती मांडला, कारण बँकेच्या अर्जात जो प्रश्न कुठेच विचारलेला नसतो तो वहिनींनी अचूक विचारला होता. कर्ज फेडण्याची पाळी येते तेव्हा पैसा कोणत्या तारखेला, कोणाच्या हातात आणि किती येतो, हे पाहिल्याशिवाय पदवीची किंमत कळत नाही.

पण आकड्यांकडे जाण्यापूर्वी त्या मुलीकडे काय आहे हे सांगायला हवे. तिने महाविद्यालयाच्या संगणकावर केलेला आपल्या गावचा एक नकाशा बरोबर आणला होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरातील सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची रडार प्रतिमा तिने विनामूल्य मिळवली होती आणि क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या तितक्याच विनामूल्य संगणक प्रणालीत ती गावच्या नकाशावर बसवली होती. पावसाळ्यात नेहमीच्या उपग्रहांना ढगांमुळे खालचे काही दिसत नाही. रडारच्या लहरी मात्र ढगातून आरपार जातात, आणि पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून त्या दुसरीकडेच परावर्तित होत असल्याने पाणी प्रतिमेत काळे उमटते. तिच्या नकाशावर नदी, ओढा, खालची आळी आणि शाळेमागचे शिवार काळे झाले होते. वडिलांनी चष्मा लावून बराच वेळ कागद न्याहाळला आणि मळीकडच्या, म्हणजे नदीकाठच्या शेतांकडच्या, एका पट्टीवर बोट ठेवले. "इथं पाणी हुतं की. उसाचं शेंडं तेवढं वर हुतं." ती पट्टी नकाशावर कोरडी दिसत होती. मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली की शेंडे पाण्याबाहेर असतील तर तिथे सपाट पृष्ठभाग राहत नाही आणि प्रतिमा काळी येत नाही. म्हणजे उभ्या उसाच्या भागात हा नकाशा पाणी कमी दाखवतो आणि तो जागेवर जाऊन तपासल्याशिवाय कोणाला देता येणार नाही.

मी हा प्रसंग सविस्तर लिहितो, कारण या मुलीचे भांडवल तेच आहे. आपल्या कामातली चूक ओळखायची, तिचे कारण सांगायचे आणि ती दुरुस्त कशी करायची हेही सांगायचे, ही गोष्ट नकाशाचे काम देणारा मालक विकत घेतो. सहा लाखांच्या अभ्यासक्रमाने या भांडवलात नेमकी किती भर पडणार, हा खरा मोजण्याचा प्रश्न होता.

घरात येणारा पैसा

वडिलांच्या हातात महिन्याला १९,००० येतात, म्हणजे वर्षाला २,२८,०००. दीड एकरात साठ टन ऊस निघतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये रास्त आणि किफायतशीर दर ठरवला होता. आपल्या भागात उतारा त्याहून अधिक असतो, पण तोडणी-वाहतूक वजा होते. या कुटुंबाने टनाला ३,१५० धरून १,८९,००० सांगितले आणि खत, पाणी, मशागत, सोसायटीचे पीककर्ज वगैरे वजा जाता हातात १,०५,००० उरतात असे दाखवले. म्हशींच्या दुधातून पेंड आणि वैरणीचा खर्च जाता महिन्याला ५,००० राहतात, म्हणजे वर्षाला ६०,०००. सगळे मिळून ३,९३,०००. घरखर्च महिन्याला २२,००० धरला तर वर्षाला २,६४,००० जातात आणि शिल्लक १,२९,००० राहते.

ही शिल्लक कागदावर बरी दिसते, परंतु तिच्यातील एक लाखाहून अधिक रक्कम उसाची आहे आणि ती वर्षातून एकदा, गाळप झाल्यावर, कारखाना देईल तेव्हा येते. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जातो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी नदी धोका पातळीच्या कितीतरी वर गेली, आणि या कुटुंबाच्या घराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून लाल ऑइलपेंटने ओढलेली आहे. उभा ऊस आठवडाभर पाण्याखाली राहिला की त्या वर्षीचे बिल गेल्यात जमा असते. दहा वर्षांच्या कर्जात असे एक तरी वर्ष येणार हे आपल्या भागात गृहीतच धरावे लागते. त्या वर्षी या घराची शिल्लक २४,००० रुपये असेल.

कर्जाचे अंकगणित

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंत तारण किंवा स्वतःचा हिस्सा मागितला जात नाही; त्यावरच्या कर्जाला देशातील शिक्षणासाठी पाच टक्के हिस्सा स्वतः भरावा लागतो. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. बहुतेक पालक या 'सुट्टी'चा अर्थ चुकीचा लावतात. हप्ता थांबलेला असतो, व्याज थांबलेले नसते. ते सरळव्याजाने चढत राहते आणि परतफेड सुरू होताना मुद्दलात मिसळते.

या बँकेचा दर, मुलींसाठीची सवलत धरून, १०.५ टक्के होता. अडीच लाखांचा पहिला टप्पा तीन वर्षे उभा राहणार होता, त्याचे व्याज ७८,७५०. अडीच लाखांचा दुसरा टप्पा दोन वर्षे, त्याचे ५२,५००. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी कर्ज पाच लाखांचे राहत नाही, ते ६,३१,२५० चे झालेले असते. दहा वर्षांच्या मुदतीला त्याचा हप्ता सुमारे ८,५१८ रुपये पडतो आणि एकूण परतफेड १०,२२,००० च्या घरात जाते. मुदत सात वर्षे केली तर हप्ता १०,६४३ होतो. अभ्यासाच्या काळातच व्याज भरत गेल्यास, पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे २,१८८ आणि नंतर ४,३७५ द्यावे लागतात आणि पुढचा हप्ता ६,७४७ वर येतो; असे व्याज भरणाऱ्यांना दरातही सवलत देण्याची तरतूद योजनेत आहे. परंतु ४,३७५ म्हणजे या घराचे जवळजवळ सगळे दूधबिल.

वर्षाचे हप्ते १,०२,२१६ होतात. घराची चांगल्या वर्षाची शिल्लक १,२९,०००. म्हणजे मुलीला नोकरी लागली नाही तरी, पूर आला नाही, कोणी आजारी पडले नाही आणि धाकट्याच्या शिक्षणाला काही लागले नाही तर, हे घर हप्ता ओढू शकते. एवढ्या अटी एकाच वेळी दहा वर्षे पाळल्या जातील असे मानून मी कोणालाही सही करायला सांगणार नाही. सहकर्जदार म्हणून सही वडिलांची असते. हप्ता थकला तर मुलीच्या नावाबरोबर त्यांच्याही नावावर डाग लागतो, आणि पुढे घरासाठी किंवा शेतीसाठी बँकेत गेले की तोच डाग आडवा येतो.

सरकारी सवलतींचा आधार आम्ही बारकाईने तपासला. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्याने केंद्राच्या व्याज अनुदान योजनेची आशा होती आणि ती लागू झाली असती तर थांब्याच्या काळातील १,३१,२५० रुपयांचे व्याज सरकारने भरले असते. मात्र या योजनेत अभ्यासक्रम व्यावसायिक किंवा तांत्रिक असावा लागतो आणि संस्थेला नॅक या राष्ट्रीय परिषदेचे मूल्यांकन किंवा अभ्यासक्रमाला मान्यता असावी लागते. हे विद्यापीठ नवे होते, त्याचे मूल्यांकन झालेले नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेसाठी संस्था ठरावीक यादीत असावी लागते. तिथेही नाव सापडले नाही. राज्याची राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीही स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना लागू होत नाही. प्रवेश समुपदेशकाने फोनवर "सगळ्या स्कॉलरशिप बसतात" असे सांगितले होते. आम्ही तेच लेखी मागितले आणि चार दिवस वाट पाहिली. उत्तर आले नाही.

पगार, हातात येणारा

माहितीपत्रकावर वार्षिक ३,६०,००० चे पॅकेज छापलेले होते. वडिलांनी सरळ बाराने भागून महिन्याला ३०,००० धरले होते, आणि असे धरणारे ते एकटे नाहीत. या आकड्यातून कामगिरीवर अवलंबून असलेला दहा टक्के भाग, म्हणजे ३६,०००, बाजूला काढला. मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा २१,६०० आणि उपदानाचे (ग्रॅच्युइटीचे) सुमारे ७,००० वजा केले. उरलेल्या २,९५,४०० चे महिन्याला २४,६०० होतात आणि मुलीचा स्वतःचा १,८०० चा वाटा गेला की हातात सुमारे २२,८०० येतात. महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर व्यवसाय कर नाही, तेवढे तरी वाचते.

पुण्यात तिघींनी मिळून घेतलेली खोली, जेवण आणि येणे-जाणे यांचा खर्च आम्ही १२,००० धरला. उरले १०,८००. हप्ता ८,५१८. महिनाअखेरीस २,२८२ रुपये, आणि हे माहितीपत्रकातले चित्र खरे मानून. मुलीने आपल्या महाविद्यालयातून पुढे गेलेल्या दोन विद्यार्थिनींना फोन केले तेव्हा एकीच्या हातात १८,००० आणि दुसरीच्या २१,००० पडत असल्याचे कळले. १८,००० धरले तर खोली आणि जेवण भागवून ६,००० उरतात आणि हप्त्याला दरमहा अडीच हजार कमी पडतात. ते गावाहूनच यायचे.

याच्या शेजारी आम्ही दुसरा मार्ग मांडला. शिवाजी विद्यापीठाच्या भूगोल अधिविभागात एम.ए., राहणे घरी, रोजचा प्रवास. दोन वर्षांचे शुल्क आणि परीक्षा शुल्क सढळ हाताने ४०,००० धरले, प्रवास २४,०००, पुस्तके आणि क्षेत्रभेटी २४,०००, लॅपटॉप तोच ६२,००० चा. एकूण दीड लाख. पुण्याच्या मार्गात स्वतःचे एक लाख आणि परतफेडीचे १०,२२,००० मिळून ११,२२,००० बाहेर जातात. दोहोंतील फरक ९,७२,००० रुपयांचा आहे आणि तो दहा वर्षांवर पसरला तर महिन्याला ८,१०० येतो. पुण्याच्या पदवीने कोल्हापूरच्या पदवीपेक्षा, राहण्याचा खर्च वगळून, दर महिन्याला सलग दहा वर्षे ८,१०० अधिक मिळवून दिले तरच ती बरोबरीत येते. कोल्हापुरात घरी राहून १५,००० ची नोकरी लागली आणि स्वतःचा खर्च ३,००० धरला तर १२,००० हातात उरतात. पुण्यात हप्ता भरून तेवढेच उरायला हातात येणारा पगार साडेबत्तीस हजार असावा लागतो.

मुलीचा यावर आक्षेप होता आणि तो रास्त होता. कोल्हापुरात पगार वाढत नाही, पुण्यात तीन वर्षांत दुप्पट होतो, असे तिचे म्हणणे होते. पायथन या संगणकभाषेत स्वतः प्रणाली लिहू शकणारा, मोठ्या नकाशा-विदागारावर काम केलेला माणूस तीन-चार वर्षांत पुढे निघून जातो, हे मला मान्य आहे. २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरील पूर्वीचे निर्बंध बरेच सैल केले, २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले आणि गावठाणांच्या ड्रोन मोजणीची स्वामित्व योजना २०२० पासून चालू आहे. काम वाढते आहे यात शंका नाही. परंतु पगाराची ती वाढ अनुभवाला मिळते. सहा लाखांच्या खर्चातील जवळजवळ दोन लाख तर केवळ खोली आणि जेवणाचे होते. पुण्याला जायचेच असेल तर विद्यार्थिनी म्हणून कर्ज काढून जायचे की दोन वर्षांनी नोकरदार म्हणून पगारावर जायचे, एवढाच निर्णय उरतो, आणि असे मांडल्यावर ती विचारात पडली.

शहरात राहण्याचा खर्च हाच खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणातला मोठा अडसर आहे, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली, ती याच कारणाने. विद्यापीठातली 'कमवा आणि शिका' योजनाही कर्मवीर भाऊराव पाटलांच्या त्याच विचारातून आलेली आहे. पालक शुल्काची चौकशी दहा ठिकाणी करतात आणि राहण्याच्या खर्चाकडे मात्र 'तो तर लागणारच' म्हणून पाहतात, याचे मला वाईट वाटते.

वाट पाहण्याची वर्षे

या प्रकरणातला सगळ्यात मोठा आकडा कर्जाच्या कागदावर नव्हताच. भूगोलाचे पदवीधर नोकरीच्या बाजारात जितके हरवतात त्याहून अधिक परीक्षांच्या रांगेत हरवतात, असे मी तीस वर्षांच्या थकीत खात्यांवरून सांगू शकतो. पदवी झाली की राज्यसेवेची तयारी सुरू होते, कारण सामान्य अध्ययनात भूगोलाचा भाग मोठा आहे आणि आपला पाया तयार आहे असे मुलांना वाटते. सदाशिव पेठेत खोली घेतली जाते. एक प्रयत्न, मग दुसरा. कर्जाचा थांब्याचा काळ त्यात संपून जातो.

याचा हिशेब मुलीसमोर मांडला तेव्हा ती खरोखर दचकली. पुण्यात तयारीचा खर्च महिन्याला १०,००० धरला तर वर्षाचे १,२०,००० होतात. त्याच वर्षात मिळू शकणारा १८,००० चा पगार गेला, ते २,१६,०००. एका वर्षाच्या वाट पाहण्याची किंमत ३,३६,००० रुपये. पाच लाखांच्या कर्जाचे वर्षाचे व्याज ५२,५००. बँकेचा दर अर्ध्या टक्क्याने कमी व्हावा म्हणून आपण तीन शाखा फिरतो, आणि व्याजाच्या सहापटीहून महाग असलेले वर्ष 'बघू पुढच्या जाहिरातीला' म्हणत सोडून देतो. परीक्षा देऊ नये असे माझे म्हणणे नाही. किती वर्षे देणार हे पहिल्या दिवशी, घरातल्या सगळ्यांसमोर आणि वहीत लिहून ठरवावे, एवढे मात्र मी प्रत्येक घरी आग्रहाने सांगतो.

शिक्षकी पेशाचा मार्ग आईला जवळचा वाटत होता. बी.एड.ची दोन वर्षे, त्यानंतर अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरची प्रतीक्षा. निवड झाली तर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून माध्यमिक शाळेत महिन्याला १८,००० मानधन. हे मानधन २०२३ मध्ये वाढले, पूर्वी ते ८,००० होते. बी.एड.ला केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास मुलींसाठीच्या शुल्कमाफीचा लाभ पात्रतेनुसार मिळू शकतो, त्यामुळे या मार्गात कर्ज जवळजवळ लागत नाही. अडचण पुन्हा वाट पाहण्याचीच आहे : भरती केव्हा निघेल आणि त्यात भूगोलाच्या जागा किती असतील हे कोणालाच सांगता येत नाही. एम.ए. करून सेट किंवा नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले तरी महाविद्यालयात आधी तासिका तत्त्वावरच उभे राहावे लागते.

भूमी अभिलेख खात्याबद्दल मात्र दोन शब्द अधिक लिहायला हवेत. नकाशा, मोजणी, गट नंबर हे सगळे आपल्याच विषयाचे आहे तेव्हा भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी कर्मचारी, होता येईल, अशी मुलीची समजूत होती. २०२१ च्या भरतीत त्या पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा आयटीआयचे सर्वेक्षक प्रमाणपत्र मागितले होते. भूगोलाची पदवी त्यात चालत नव्हती. तीन वर्षे भूगोल शिकलेल्या मुलीला हे तिच्या वर्गात कोणी सांगितले नव्हते, आणि दहावीनंतर दोन वर्षांत होणाऱ्या एका अभ्यासक्रमाने उघडणारे दार आपल्या पदवीला बंद आहे हे ऐकताना तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पदवी देणाऱ्या प्रत्येक विभागाने, आपल्या पदवीवर कोणत्या पदांना अर्ज करता येतो आणि कोणत्या पदांना येत नाही, याची यादी प्रवेशाच्या खिडकीशेजारी लावली पाहिजे. धाकट्याने मात्र भूकरमापक पदाची ती अट स्वतःच्या वहीत उतरवून घेतली.

काय ठरले

तिसऱ्या बैठकीत निर्णय झाला आणि तो मुलीने घेतला. पुण्याची जागा सोडली. कोल्हापुरात एम.ए.ला प्रवेश घ्यायचा. देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम त्याच काळात पूर्ण करायचे. पायथन शिकायला सुरुवात करायची. सुट्टीत मोजणीच्या किंवा नकाशाच्या कामावर उभे राहायचे, मोबदला कमी मिळाला तरी. आणि पदवीनंतर स्पर्धा परीक्षेसाठी एकच वर्ष, तेही घरी राहून. बाहेरून काढावे लागले ते फक्त लॅपटॉपसाठी. २२,००० घरातून आणि ४०,००० पतसंस्थेतून सोनेतारणावर, दहा टक्क्यांनी, बारा महिन्यांसाठी. त्याचा हप्ता साधारण साडेतीन हजारांचा येतो.

वडिलांना हा निर्णय सुरुवातीला पचला नाही. फाउंड्रीत त्यांच्या शेजारी काम करणाऱ्याचा मुलगा पुण्याला शिकायला गेला आहे, आणि आपण मुलीला पैशासाठी मागे ठेवले असे लोक म्हणतील, ही त्यांची खंत होती. ती मला समजते. मुलीनेच त्यांना सांगितले, "बाबा, मी पुण्याला जाणार हाय. फक्त पगारावर जाणार हाय."

सध्या ती दुसऱ्या सत्रात आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने एका मोजणी कंत्राटदाराकडे गावठाणाच्या नकाशांच्या दुरुस्तीचे काम दिवसाला ४०० रुपयांनी केले. त्याच सुट्टीत वडील आणि दोन शेजारी यांना बरोबर घेऊन ती मळीत फिरली आणि २०१९ चे पाणी कुठवर आले होते ते बांधाबांधावर विचारून मोबाइलवर बिंदू टिपत गेली. एकूण ४१ बिंदू झाले. नव्या नकाशात उसाची ती पट्टी तिने वेगळ्या रंगात दाखवली आहे आणि खाली कारण लिहिले आहे. कंत्राटदाराने तिच्याकडून मागून घेतलेला पहिला नमुना तोच होता.

वहिनी दर दहा दिवसांच्या दूधबिलातून १,२०० रुपये काढून एका डब्यात ठेवतात. महिन्याला ३,६०० जमतात आणि त्यातून हप्ता जातो. फेब्रुवारीपर्यंत आठ हप्ते भरून झाले, चार उरले आहेत. हिशेबाच्या वहीतील 'पहिली नोकरी, हातात येणारी रक्कम' हा रकाना अजून कोरा आहे. निकालानंतरच्या, म्हणजे २०२७ च्या उन्हाळ्यातील एका रविवारी तो भरण्यासाठी पुन्हा बसायचे ठरले आहे.